सासऱ्याले म्हनाचं काय?

आता तुम्हीच सांगा, म्हनाचं तरी काय मानसानं? हासू नका! तुम्हाले सांगतो, आमच्या नेरचा अमर, सदाशिवरावचा पोरगा, कापसाच्या बाजारात व्यापाऱ्यासंगं कडाकडा भांडनारा गडी, अन् लग्नाले तीन वर्ष झाले तरी त्यानं सासऱ्याले एक हाक मारली नाही... म्हंजे भांडन नाही बरं! सासरे पुंडलिकराव, बोरी अरबचे, देवमानूस. पन म्हनाचं काय?

"मामाजी म्हन," आई म्हने. पन अमरले सख्खे मामा पाच, अन् पाचहीसंगं बापाचं बोलनं बंद! 'मामा' शब्द काढला की घरात चहा मिळत नसे. बरं, 'बाबा' म्हनाव, तं सदाशिवराव छपरीतून ओरडे, "मंग मी कोन हावो? शेजारी?" बायको निकिता म्हने, "पप्पा म्हना नं, सोपं आहे." पप्पा! अमरच्या मिशा पाहिल्या काय तुम्ही? त्या मिशीखालून पप्पा निंगन काय?

मंग फोन कसा करे माहीत आहे? "हॅलो, मी बोलून राह्यलो." "मी कोन?" "मी... निकिताचा... तो." "असं असं, तो काय! बोला, बोला." सासरे जेवाले बसले तं हा पोरीले सांगे, "बेटा, आजोबाले इचार, वरन वाढू काय?" पोरगी सहा महिन्याची! ते काय इचारते? ते आंगठा चोखे, अन् पुंडलिकराव कोरडा भात खाये. पन म्हनाचं काय!

असंच चाललं असतं हो... पन मांगच्या हिवाळ्यात दोघं बोरीच्या बाजारात गेलते. पुंडलिकराव कांताबाईच्या भाजीच्या दुकानापुढं उकिडवे बसून वांगे निवडून राह्यले, एकेक वांगं कानाशी नेऊन हालवून पाह्यते, अन् अमर थैली घेऊन वीसेक पावलं मांगं. तेवढ्यात कोनाचा तरी बैल सुटला! हा एवढा बैल, शेपूट वर, मान खाली, अन् सरळ सासऱ्याच्या पाठीच्या रोखानं!

अमर ओरडला, "अहो!" तं बाजारातले सारे नवरे पलटले. सासरे नाही. "मामा!" तं चार दुकानदार म्हनते, "काय देऊ, भाऊ?" "बाबा!" तं एका गोसाव्यानं हात वर करून आशीर्वादच देल्ला. गड्यानं शेवटी मिशीची लाज सोडली, "पप्पाऽऽ!" तरी मानूस वांगंच हालवून राह्यला! बैल आला धा पावलावर, अमरनं डोये मिटले, अन् बेंबीच्या देठापासून...

"ए पुंडल्याऽऽ! ऊठ नं लेका!"

तुम्हाले सांगतो, बासष्ट वर्षाचा मानूस असा उडाला, असा उडाला, की वांगे ओलांडून सरळ कांताबाईच्या मेथीत! बैल वांगे तुडवत निंगून गेला.

अमर पांढरा पडलेला. सासऱ्याले पुंडल्या! वरतून लेका! आता म्हनाचं काय?

पुंडलिकराव उठले, धोतराची मेथी झाडली, अन् जवायाकडं पाह्यतच राह्यले. "माह्या बापाले जाऊन एकवीस वर्ष झाले," ते म्हनते. "तवापासून मले कोनी पुंडल्या म्हटलं नाही. सारे राव, राव... मले वाटलं बापच आला मारायले." अन् त्याइच्या डोयात पानी, अन् हासून राह्यले, अन् अमरच्या खांद्यावर हात. "म्हनत जा, बापू. असंच म्हनत जा."

अमर म्हने, "नाही नाही, असं कसं..." पन म्हातारा आयकते काय? घरी येऊन साऱ्याइले सांगतलं, फोन लावलावून सांगतलं, जवायाले समोर बसवून दोनदा म्हनवून घेतलं!

माहेरी आलेली निकिता दारात उभी, कमरेवर हात. आयकलं सारं, अन् म्हनते कशी, "असं काय? माह्या बापाचं नाव तुम्ही असं घेता? मंग मीच एकटी 'अहो, अहो' कायले करत बसू?"

तवापासून रोज सकाळी नेरच्या त्या गल्लीत आवाज येते, "ए अमऱ्याऽऽ! पानी भर!"

अन् गडी काय म्हनते?

"आलो वं!"