आईच्या नावाचा घास

आमचं गाव खर्ड्याच्या खालच्या अंगाला, माळावर उभं ऱ्हायलं की किल्ल्याचा बुरूज दिसतो, दुसरं बघन्यासारखं काई न्हाई, कुसळं हायती अन् दगडं हायती. मी इथलीच लेक अन् इथलीच सून, सासर ह्या गल्लीला अन् माहेर त्या गल्लीला, म्हनून नवऱ्यानं टाकली तवा गाडीभाडं तेवढं पडलं न्हाई, गठुडं उचललं अन् चालत बापाच्या दारात आले. का टाकली म्हनाल तर पोर झालं न्हाई. त्यानं दुसरी केली, तिला पोरं झाली, अन् त्याच पोरांची नाकं मी आता पुसती, काय सांगू तुमाला ताई. ती पोरं मला मावशी म्हनत्यात. म्हनू द्या, त्यांचा काय गुन्हा.

तर दसरा झाला की आमचं गाव रिकामं हुतं बघा. गाड्या जुपायच्या, भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं समदं वर टाकायचं अन् देवळाली प्रवराकडं उसाच्या फडावर जायचं, ते पार उन्हाळा लागल्यावर माघारी. तिकडं पाचटाच्या कोपीत ऱ्हायचं. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधती, अन् पोरगं कुठंतरी बांधाला पडलेलं. आमच्या शेजारची कौशी, माझ्यापरीस धाकटी, मला आक्का म्हनती, तिचा थोरला पोरगा असाच पाचटात निजला हुता, भरलेली गाडी मागं सरली अन् त्याच्यावरनं गेली. बैलाला काय कळतंय. त्या टायमाला कौशी रडली न्हाई, दुसऱ्या दिशी मोळ्या बांधाया गेली म्हनत्यात. गेली न्हाई तर खायाचं काय.

मंग दुष्काळ पडला. आदी काई पोरं तरी घरच्या म्हाताऱ्या मानसांकडं ऱ्हायची, पर दुष्काळात म्हातारी बी सरकारी कामावर खडी फोडाया गेली, मी बी जात हुते. बोटीनं आलेल्या लाल मिलो जवारीची भाकरी खायाची, ती गिळत न्हवती, पर खायाची. त्या दसऱ्याला कौशी तिची मंगी घिऊन माझ्या दारात आली, पोरगी वर्साची आसंल, अंगावरच्या दुधावरनं नुकती तोडलेली, अन् म्हनली आक्का हिला मी गाडीवर घालनार न्हाई, तू ठिव. म्या म्हनलं अगं मला पोराचं काय कळतंय, मला कधी झालंय का. ती म्हनली झालं न्हाई म्हनूनच तुझ्याकडं आले, तुझे हात रिकामे हायती. असं तोंडावर बोलली बघा. तिला वाईट बोलायचं न्हवतं, मला बी तवा राग आला न्हाई. आता कधी कधी येतो.

एकीचं ठिवलं म्हंजी दुसरी आली, तिसरी आली, वसरीत पाय ठिवाया जागा ऱ्हायली न्हाई. माजी खडी सुटली, बाप कुरकुरला. तवा शाळंत नवी मास्तरीनबाई आली हुती, ती एक दिस वसरीसमोर थांबली अन् इचारलं ही पोरं कुनाची. म्या म्हनलं गावाची. तुमचं कोनतं. म्या म्हनलं एक बी न्हाई. ती तिथंच खाली बसली. तिनंच मंग नगरला खेटं घातलं, पोरांच्या पोटाला सुकडी आनली, मला थोडा पगार लावला, अन् तेल्याच्या बंद पडलेल्या घान्याची खोली मागून घेतली, कारन देवळाच्या पडवीत बौद्धवस्तीतल्या पोरांना कुनी बसू देईना. खोलीवर पाटी लावली, बालक म्हनून कायतरी लांबलचक नाव हाय, मला वाचता येत न्हाई. पोरं तिला घानाच म्हनत्यात. घान्याला जुपलेला बैल तेवढा मी.

पैल्या दिशी एक म्हातारी नातू उचलून न्यायला लागली, आमचं पोर ह्यांच्या पंगतीला बसनार न्हाई म्हनली. मास्तरीनबाई भांडली न्हाई, पोरांच्या मधी बसून सोता जेवली. म्हातारीनं नातू नेला, दुपार कलली तवा भुकंनं रडतेला परत आनून बसवला अन् तोंड फिरवून उभी ऱ्हायली. आजून बी तोंड फिरवूनच उभी असती, पर रोज आनून सोडती.

चैतात गाड्या माघारी आल्या. कौशी घरी बी गेली न्हाई, बैलं नवऱ्याकडं सोपवली अन् पळत घान्यावर आली. हाताला चिरा पडलेल्या. राहुरीच्या बाजारातनं लाल झबलं आनलं हुतं, जाताना मंगी केवढी हुती ते इसरली न्हवती ना ती, त्याच मापाचं आनलं, अन् पोरगी वाढलेली. दंडात अडकलं झबलं. मंगी घाबरून वरडली अन् माझ्या लुगड्यामागं लपली अन् मला आई म्हनली. तिला कुनी शिकवलं न्हवतं, उराशी घिऊन निजवनाऱ्या बाईला पोर दुसरं काय म्हननार.  कौशीनं झबलं घडी घालून कनवटीला खोचलं अन् म्हनली, एक गाडीखाली गेलं, एक तू घेतलंस.

लई लागलं मला ते. लई. अन् खरं सांगू का, मंगीनं आई म्हनलेलं मला गोड बी वाटलं हुतं, मी काय दगडाची हाय व्हय.

ते पार गावभर झालं. पान्यावर बाया म्हनाया लागल्या, यंदा कौशी मंगीला नेनार म्हनती, मंग आमी बी आमची नेतो, पोर परकं करून घ्यायचं म्हंजी काय. मास्तरीनबाईनं ठरवलं की हितनं पुढं कुनी आई म्हनायचं न्हाई, मावशी म्हनायचं. ठरवलं, पर शब्द बदलून पोरगी आईला वळखती व्हय? दसऱ्याच्या आदल्या दिशी मी कौशीच्या दारात गेले. गाडी भरलेली, मंगी तिच्या कडंवर रडतेली. म्या म्हनलं कौशे, एक साल दे. पोरगी तुजीच हाय, मी तिला रोज सांगीन. ती म्हनली सांगून काय हुतंय, पोरं तोंड इसरत्यात. म्या म्हनलं तोंड इसरंल, जेवन तर इसरनार न्हाई. तिचा नवरा गाडीच्या चाकाला तेल घालत हुता, तो थांबला, अन् नुसता चाकाकडं बघत ऱ्हायला. कौशीनं बी त्या चाकाकडं बघितलं. मंग मंगीला खाली ठिवलं अन् आत गेली, परत भाईर आलीच न्हाई. तिनं ठिवली म्हनून बाकीच्या बायांनी बी आपापली ठिवली.

आपन पोरांना भरवतो न्हाई का, हा घास काऊचा, हा घास चिऊचा, तसंच म्या केलं, काऊ चिऊ सोडून दिलं. हा घास आईचा, आई देवळालीच्या फडात मोळी बांधती. हा घास बापाचा, बाप गाडी हाकतो. दोन्ही टायमाला, येकेका पोराला, त्याच्या त्याच्या आईचं नाव घिऊन. माज्या नवऱ्याच्या पोरांना बी त्यांच्या आईचं नाव घिऊन भरवलं, ते नाव तोंडातनं काढताना कसं वाटायचं ते मला इचारू नका.  मास्तरीनबाई म्हनली हौसाबाई, दमताय तुमी. म्या म्हनलं दमती तर.

यंदाच्या चैतात गाड्या आल्या तवा पोरं जेवाया बसली हुती. कौशी दारातच थांबली, आत येईना. ह्या खेपंला झबलं लई मोठं आनलं हुतं, हातात धरलेलं. मंगीनं तिच्याकडं बघितलं. वळखलं का, तर न्हाई, मी खोटं सांगनार न्हाई. मी नुसतं म्हनलं, मंगे, आई आली. पोरगी उठली, ताटलीतला सुकडीचा घास मुठीत घेतला, दारापस्तोर गेली अन् कौशीच्या गुडघ्याला धरून म्हनली, ह्यो तुजा. कौशी खाली बसली अन् पोरीच्या हातानं तो घास खाल्ला, अन् मंग जी रडली, थोरल्याचं ऱ्हायलेलं रडनं बी त्याच्यातच रडली. मी बाकीच्या पोरांना वाढत ऱ्हायले.

परवा कौशी आली हुती भाकरीचं पीठ मागाया. हसत म्हनली, आक्का, तुजी पोरगी लई वंगाळ, घरी हा घास मावशीचा म्हनल्याबिगर तोंड उघडत न्हाई. म्या म्हनलं उघडंल, पीठ घे अन् जा. 

आता उद्या गाड्या निघत्यात. ह्या साली पोरं वाढलीत, कुनाला खोकला हाय, कुनाला खरूज हाय, माजी कंबर सकाळची उठत न्हाई. कौशी सांजच्याला मंगीला आनून सोडंल, अन् उद्यापासनं परत, हा घास आईचा. माज्या नावाचा घास बंद. जवळ असलेल्या मानसाच्या नावानं कुनी घास काढत न्हाई ना ताई, लांब गेलेल्याच्याच नावानं काढत्यात. चैतापस्तोर मी जवळ हाय. जाऊ द्या, पोरं जेवली म्हंजी झालं, समद्यांच्या आया धड माघारी येवोत. तुमी बी दोन घास खाऊन जा.