चोवीस मार्चची न झालेली भेट

मी, श्रीमती ग्लेनिस रिमर, वय ६९ वर्षे, धंदा – काही नाही (पूर्वी बंदरावर मासळी धुरावर सुकवण्याच्या कारखान्यात पॅकिंगला), राहणार ४, हीदर क्लोज, थॉर्नटन, आज दि. १४ मे २०२५ रोजी सकाळी १०.२० वाजता फ्लीटवूड पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर तळमजल्यावर, पूर्वी जिथे गॅरेज होते त्या खोलीत मी राहते. वरच्या मजल्यावर सून कर्स्टी राहते. मुलगा गॅव्हिन, वय ४२, धंदा स्वयंपाकघरे बसवून देण्याचा, हा फेब्रुवारीपासून स्टॉकपोर्टला दुसऱ्या बाईकडे राहतो. मला दुसरे मूल नाही.

माझे पती स्टॅन नोव्हेंबर २०१८ मध्ये वारले. तेव्हा मी केल्प स्ट्रीटवरच्या आमच्या घरात राहत होते. ते घर आम्ही १९८४ साली घेतले. त्याचे कागद मिस बिबी या वकीलबाईंनी केले होते. त्या तेव्हा नुकत्याच वकील झाल्या होत्या. त्यांनी प्रत्येक पान आम्हाला मोठ्याने वाचून दाखवले. स्टॅन मध्येच सिगारेट ओढायला बाहेर गेला, तर तो परत येईपर्यंत थांबल्या.

जानेवारी २०२२ मध्ये गॅव्हिनने सांगितले की, मी केल्प स्ट्रीटचे घर विकावे, ते पैसे घालून थॉर्नटनला मोठे घर घ्यावे आणि सगळ्यांनी एकत्र राहावे. मी हो म्हटले. माझे घर सहा आठवड्यांत विकले गेले. विक्रीचे सगळे पैसे मी नव्या घरात घालणार होते. उरलेल्यासाठी गॅव्हिन आणि कर्स्टी कर्ज काढणार होते.

मी मिस बिबींना फोन केला. त्या म्हणाल्या, "ग्लेनिस, पैसे तुमचे जाताहेत, तर वकीलही तुमचा हवा. मुलाचा वकील मुलाचं बघेल. मीच हवी असं नाही, कुणीही घ्या, पण वेगळा घ्या. आणि समोर बसून बोलणारा घ्या." त्यांनी मंगळवार दि. ८ मार्च २०२२ रोजी सकाळी १० ची वेळ दिली.

ही गोष्ट मी गॅव्हिनला सांगितली. तो म्हणाला, "आई, एका घराला दोन वकील कशाला? घराच्या दलालाने दिलेली वकिलांची कचेरी आहे ना. सगळं ईमेलवर होतं, पायऱ्या चढायला नकोत. तुझी ती बिबीबाई टपालाने पत्रं पाठवत बसेल आणि घर दुसराच कुणी घेऊन जाईल." मी म्हटले, त्यांचे फक्त ऐकून येते. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे माझ्यावर भरवसा नाही. तसं सांग ना सरळ."

मी ७ मार्चला फोन करून मिस बिबींची वेळ रद्द केली. कारण विचारले तेव्हा थंडी-ताप आहे असे सांगितले. मला थंडी-ताप नव्हता.

दलालाने दिलेल्या कचेरीतील कोणालाही मी आजपर्यंत पाहिलेले नाही. ती कचेरी कुठल्या रस्त्यावर आहे हे मला माहीत नाही.

रविवार दि. २७ मार्च २०२२ रोजी मी गॅव्हिन आणि कर्स्टी यांच्या तेव्हाच्या भाड्याच्या घरी दुपारी जेवायला गेले होते. तो मदर्स डे होता. गॅव्हिनने मला पिवळी फुले दिली. जेवण झाल्यावर कर्स्टीने ताटे उचलली आणि त्याने टेबलावर कागद ठेवले. सही करायची तिथे तीन ठिकाणी पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. हे काय आहे असे मी विचारले. तो म्हणाला, "नेहमीचंच. वकिलांना कागद लागतात." माझा चष्मा बाहेरच्या खोलीत पर्समध्ये होता. तो आणायला मी उठले नाही आणि आणून दे असे कोणी म्हटले नाही. मी तीन सह्या केल्या. सह्या माझ्याच आहेत.

२२ एप्रिलला आम्ही नव्या घरात गेलो. पहिली दोन वर्षे चांगली गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

यंदा ३ एप्रिल रोजी मला पत्र आले की, मालकांना घर विकायचे असून मी जूनअखेर खोली रिकामी करावी. मी कर्स्टीला विचारले. ती म्हणाली, "घर माझं आणि गॅव्हिनचं आहे, ग्लेनिस. कागदावर तुमचं नाव कुठे आहे?" माझे पैसे आहेत असे मी म्हटले. ती म्हणाली, "ते तुम्ही बक्षीस दिलेत. तसं लिहून दिलंय तुम्ही."

मी दुसऱ्या दिवशी मिस बिबींकडे गेले. त्या आता आठवड्यातून दोनच दिवस बसतात. थंडी-तापाबद्दल त्यांनी काही विचारले नाही. त्यांनी माझ्या वतीने त्या कचेरीला लिहून घराची पूर्ण फाईल मागवली. ती ६ मे रोजी आली.

फाईलमधील दोन कागद मी आज हजर केले आहेत.

पहिला कागद दाखला आहे. त्यावर त्या कचेरीचे वकील श्री. कॅलम प्रॉक्टर यांची सही आहे. त्यात लिहिले आहे की, गुरुवार दि. २४ मार्च २०२२ रोजी सकाळी ११.३० वाजता श्रीमती रिमर त्यांना कचेरीत एकट्या भेटल्या. नातेवाईक कोणीही हजर नव्हते. पैसे परत मिळणार नाहीत व घरावर कोणताही हक्क राहणार नाही हे त्यांना सोप्या शब्दांत समजावले. ते समजून त्यांनी राजीखुशीने पैसे बक्षीस दिले व हक्क सोडला. खाली माझी सही आहे. ती मी वर सांगितलेल्या तीन सह्यांपैकी आहे.

दि. २४ मार्च २०२२ रोजी सकाळी ११.३० वाजता मी लँकेस्टरच्या दहनभूमीत होते. माझी मोठी बहीण मॅव्हिस हिला त्या दिवशी निरोप दिला. त्या प्रार्थनेची छापील पत्रिका मी सोबत देत आहे. तिच्यावर तारीख आणि वेळ आहे. मॅव्हिसची शवपेटी चौघांनी खांद्यावर घेतली, त्यांत पुढे डावीकडे गॅव्हिन होता.

दुसरा कागद ईमेल आहे. तो गॅव्हिनने श्री. प्रॉक्टर यांना त्याच दिवशी सकाळी ८.५० वाजता पाठवला. त्यात लिहिले आहे : "आईला एवढा प्रवास झेपत नाही. आजचीच भेट झाली असं लिहून पाठवा, मी रविवारी सही घेतो. ती वाचत बसणार नाही." श्री. प्रॉक्टर यांचे उत्तर एका शब्दाचे आहे. "ठीक."

मिस बिबींनी ईमेल मला दोनदा वाचून दाखवला. नंतर त्यांनी चहा मागवला.

मी हे कागद कर्स्टीला दाखवले. तिने ते दोन्ही वाचले. मग म्हणाली, "तुम्ही त्या कचेरीत गेला नव्हतात हे मला माहीत होतं. मीपण गप्प बसले. पण तुम्ही पोलिसांत त्याचं नाव घेणार नाही. त्याच्याविरुद्ध तुम्ही कधीच बोलला नाहीत." सह्या झाल्या तेव्हा ती घरात होती, तिचाही जबाब घ्यावा.

गॅव्हिनला मी फोनवर फक्त दाखल्याबद्दल सांगितले. तो म्हणाला, "मग वकिलानेच फसवलं की. वकिलांचा विमा असतो आई, त्यातून भरपाई मिळते. तू तक्रार दे, मी नेतो तुला." आज सकाळी तो स्टॉकपोर्टहून गाडी घेऊन आला. वाटेत त्याने मला काय काय सांगायचे ते सांगितले. मी त्याला विचारले, "तू त्यांना काही लिहून पाठवलं होतंस का?" तो म्हणाला, "मी कशाला लिहू?" थोडे पुढे आल्यावर मी पुन्हा विचारले. तो म्हणाला, "नाही म्हटलं ना. तुझा भरवसाच नाही माझ्यावर." ईमेल तेव्हा माझ्या पर्समध्ये होता.

कॉन्स्टेबल हॉर्नबी यांनी मला विचारले की, मुलाचे नाव तक्रारीत घ्यायचे आहे काय. आज घाई नाही, घरी जाऊन विचार करता येईल, असेही सांगितले. मी सांगितले की, विचार करण्यासाठी मला घर नाही. माझी तक्रार श्री. कॅलम प्रॉक्टर आणि गॅव्हिन स्टॅनली रिमर या दोघांविरुद्ध आहे. गॅव्हिनची जन्मतारीख १९ सप्टेंबर १९८२. सकाळी पावणेसात. वेळ मला विचारलेली नव्हती.

तो आत्ता ठाण्यासमोर गाडीत बसला आहे. तक्रार एकट्या वकिलाविरुद्ध आहे असा त्याचा समज आहे. त्याला आत बोलवायचे असल्यास मी बाहेर पडल्यावर बोलवावे. मी बसने जाईन.

हा जबाब मी सांगितला तसाच लिहिला आहे. कॉन्स्टेबल हॉर्नबी यांनी तो मला वाचून दाखवला. त्यानंतर मी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचला. तो खरा व बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.

(सही) ग्लेनिस रिमर