शेवटच्या प्रकरणाचं काय करायचं

बाइंडिंगच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या ग्रंथपालबाईंच्या कानावर पुढच्या दोघांचं बोलणं पडत होतं. राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी प्रबंध घेऊन आली होती, सोबत तिचे मार्गदर्शक होते.

“‘हुकूमशाही’ शब्द काढून टाक. ‘खंबीर प्रशासन’ लिही.”

“आणि सर, तुरुंगातले संपादक?”

“‘दीर्घ रजेवर’ म्हण.”

“पण प्रबंध परदेशावर आहे.”

“वाचताना तसं वाटत नाही, हीच तर पंचाईत आहे.”

“कोणी हरकत घेतली का?”

“अजून कोणी वाचलाच नाही. आपणच आधी शहाणं व्हावं.”

“शेवटचं प्रकरण त्यावरच आहे, सर. कोणी न सांगताच माणसं कशी गप्प बसतात, त्यावर.”

“मग ते सगळ्यात आधी काढ.”

तिने सगळी पानं दुकानदारापुढे ठेवली.

“काका, आहे तसंच बांधा. पहिल्या पानावरचं सरांचं नाव तेवढं काढा. त्यांना उगाच त्रास नको.”