न ऐकलेला शह

आणि वर मलाच म्हणतात, "तू शह पुटपुटतेस!" मी? पुटपुटते? अहो, शिवणाच्या कारखान्यात साठ मशिनींच्या खडखडाटात चाळीस वर्षं हाका मारलेली बाई मी, माझा आवाज तिथल्या उंदरांनासुद्धा पाठ होता! पण आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील... वय एक्याण्णव, दात स्वतःचे, खोड्याही स्वतःच्याच... त्यांना बुद्धिबळाच्या पटावर नेमका माझा शह तेवढा ऐकू येत नाही. बाप आहे, काय बोलणार!

त्यांचा नियमच आहे मुळी. शह मोठ्यानं म्हणायचा आणि समोरच्यानं तो ऐकायचा. ऐकला नाही तर चाल बाद! कुठल्या पुस्तकात आहे हो हा नियम? मी शोधला. तुम्हाला सांगते, नऊ वर्षांची होते तेव्हा यांनी माझ्यासमोरून पट उचलला होता. म्हणाले, "तुझं डोकं या खेळाचं नाही, तू सोंगट्या पुसून ठेव." पुसल्या! सत्तावन्न वर्षं ते वाक्य डोक्यात घेऊन फिरले, आणि गेल्या वर्षी कारखाना सुटला तशी फोन घेऊन बसले. गुरू नाही, शिकवणी नाही, डोळ्यांत तेल घालून एकटी शिकले. मला एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून "हरलो" ऐकायचं होतं. मग पट माळ्यावर टाकला असता तरी चाललं असतं मला!

बरं, सुधारले हं मी. आधी बाराव्या चालीत गारद व्हायची, मग तिसाव्या, मग एके दिवशी चक्क त्यांचा वजीर मारला! तर म्हणतात, "थांब, माझा हात घसरला." घेतली चाल परत! अहो, कापडावर चाललेली कात्री परत घेता येते का कुणाला? पण बाप आहे, काय बोलणार!

आणि मग परवाची दुपार. तुम्ही असायला हवं होतं हो! त्यांचा राजा कोपऱ्यात, पुढे त्याचीच तीन प्यादी दार अडवून उभी, आणि माझा हत्ती थेट शेवटच्या ओळीत... राजाला सरकायला बोटभर जागा नाही! मी म्हटलं, "शह! आणि मात!" अप्पांनी काय करावं? शांतपणे कानातलं यंत्र काढलं आणि त्यावर फुंकर मारत बसले. "काही म्हणालीस?" मी ओरडले. "काय?" मग मी खडू घेतला, कापडावर खुणा करायचा, आणि टेबलावर हातभर अक्षरांत "मात" लिहिलं... तर चष्मा काढून पुसायला घेतला! "दिसत नाही गं काही." बाप आहे, काय बोलणार... पण त्या दिवशी मी बोलले! खुर्चीवर चढले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "मेला! राजा मेला! आता तरी कबूल करा!"

दार धाडकन उघडलं. वरच्या मजल्यावर राहणारी नर्स! हातात रक्तदाबाचं यंत्र, पायात एकच चप्पल. "कोण गेलं? कधी गेलं?" मी खुर्चीवर, अप्पा गालातल्या गालात हसतायत. आणि या नर्सबाई आल्या ना, की अप्पांना प्रत्येक शब्द ऐकायचा असतो! यंत्र कानात, चष्मा नाकावर, टकलावरून एक हात... सगळं क्षणात! मी खुर्चीवरूनच म्हटलं, "शह आणि मात." नर्स म्हणाली, "मला तर स्वच्छ ऐकू आलं. आजोबा, तुम्हाला?"

आता सांगता काय! अप्पांनी एकदा नर्सकडे बघितलं, एकदा पटाकडे. मग एका बोटानं राजा आडवा केला आणि म्हणाले, "हरलो." मी खुर्चीवरच नाचायला लागले हो, खाली उतरायचं नावच नाही! शेवटी नर्सनं माझाच रक्तदाब घेतला.

तेवढ्यात अप्पांनी सोंगट्या पुन्हा मांडल्या आणि पट फिरवला. "घे. आज पांढऱ्या तुझ्या." आजवर पांढऱ्या कायम त्यांच्या, पहिली चाल कायम त्यांची! मी पदर खोचला, ऐटीत बसले... आणि अकराव्या चालीत खलास! आता काय करणार? यांना हरवायचं म्हणून वर्षभर फोनवर नुसता काळ्यांचाच सराव केला होता मी. डावाला सुरुवात कशी करतात, ते शिकायचंच राहिलं!