नारू सबंध निघाला

शिरूरच्या दवाखान्यात लेकीला मांडीवर निजवून बसलेल्या ललिताचे कान शेजारच्या सासूसुनेकडे लागले होते.

"आत्याबाई, पायातला नारू सबंध निघाला! शेपटापातुर काडीवर गुंडाळून आला किडा."

"मधी तुटला न्हाई ना? माझा तुटला, आन् पाय जन्माचा आखडला."

"तुम्ही हिसका दिला व्हता. मी रोज बोटभरच गुंडाळला."

"आग व्हायची, तवा पाय बारवंच्या पाण्यात बुडवलास का?"

"न्हाई. डाक्टर म्हणत्यात, तिथनंच त्याची पिल्लं पाण्यातून समद्यांच्या पोटात जात्यात."

"अगं बया! मी तर रोज बुडवायचे."

"आता पाणी दुपदरी फडक्यानं गाळून पिऊ."

"माझं लुगडं फाड. आधी चालून दाखव."

सून दबकत उठली, मग झपझप दारापर्यंत गेली. म्हातारीला वाट द्यायला ललितानं पाय आत घेतले.

"अगं, हळू! मला गाठू दे की."