सासऱ्यांबरोबर ट्राउट पकडायला

मासेमारीचं नाव माझ्यासमोर काढू नका. माझे सासरे जपानी, सेंदाईचे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलले नव्हते. यंदा मार्चमध्ये आपणहून म्हणाले, "उद्या नदीवर येतोस?" मी रजाच टाकली.

डोंगरातली नदी, पाणी बर्फासारखं. सासऱ्यांनी आमिष म्हणून पिसांची छोटीशी माशी स्वतः बनवून गळाला बांधली होती. रॉड माझ्या हातात देऊन म्हणाले, "माशी पाण्यावर अलगद टेकव. मग अजिबात हलायचं नाही."

टेकवली. खालून एक मोठा ट्राउट हळूहळू वर यायला लागला आणि नेमकं माझं नाक हुळहुळलं. मार्चमध्ये इथे सीडरच्या झाडांचे पराग उडतात, अर्धा देश शिंकत असतो. मी असा काही शिंकलो की रॉड झटक्यात वर गेला, ट्राउट पळाला आणि माशी सासऱ्यांच्या टोपीत जाऊन अडकली. त्यांनी ती शांतपणे सोडवली. म्हणाले, "चहा घेऊ या."

संध्याकाळी पुण्याहून आईचा फोन आला. हात हलवत परत आलो म्हटल्यावर ती म्हणाली, "अरे, सगळं जमून आलं होतं ना? मग माशी कुठे शिंकली?"

म्हटलं, "आई, माशी बिचारी गप्प होती. जावई शिंकला."