जिराफाच्या दाढा

जिराफाने दोन्ही पास खाल्ले. पण वकीलबाईंना याचा अजून पत्ता नव्हता, तेव्हा आपणही तूर्तास तसं काही घडलंच नाही असं धरून चालू. प्राण्यांच्या बागेलगतच्या रोलर कोस्टरच्या रांगेत त्या आणि त्यांची मैत्रीण, दातांची डॉक्टर, अगदी पुढे पोचल्या होत्या. फाटकावरचा तपासनीस कान टवकारून ऐकत होता.

“पास काढ गं. सहलीचा शेवटचा दिवस आहे, आज मी बसणार म्हणजे बसणार.”

“काढते. आधी सांग, जिराफ आवडला ना तुला?”

“आवडला म्हणजे काय! माझा चष्मा चाटून लख्ख केला त्याने. पास?”

“त्याला वरचे पुढचे दात नसतातच, माहितीये?”

“बाई गं, सुट्टीवर आहेस तू.”

“अगं, मी नुसतं ‘आ करा’ म्हटलं, तर त्याने केलासुद्धा! माझा एकही पेशंट इतकं ऐकत नाही.”

“मग?”

“मग मी दाढा बघायला वाकले. पास माझ्या गळ्यात लटकत होते.”

“दोन्ही?”

“दोन्ही. नीट चावून खाल्ले. दाढा ठणठणीत आहेत.”

वकीलबाई आधी लाल झाल्या, मग इतक्या हसल्या की लख्ख चष्मा नाकावरून घसरला.

“पासाशिवाय सोडता येत नाही, मॅडम,” तपासनीस म्हणाला. “अर्ज करावा लागेल.”

“आणा कागद.”

वकीलबाईंनी कागद कठड्यावरच ठेवून लिहिलं:

‘आमचे पास वैध असून सध्या जिराफाच्या ताब्यात आहेत. तरी सदर जिराफास आम्हा दोघींच्या मध्ये बसून एक फेरी मारण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. उंचीची अट तो पूर्ण करतो.’